वजनाचा काटा आणि पुण्याचा हिशेब

आजारी माणसाकडे पाहण्याची आपल्या समाजाची एक रीत आहे. कुणाला क्षय झाला, कुणाचे मूत्रपिंड निकामी झाले, कुणाच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तर आपण त्याच्या प्रकृतीची चौकशी करतो. त्याच्या चारित्र्याची करीत नाही. स्थूल माणसाच्या वाट्याला हे सौजन्य क्वचितच येते. त्याच्या देहाकडे पाहून त्याच्या मनाविषयी निकाल दिला जातो. तो आळशी असावा, जिभेचा गुलाम असावा, त्याचा स्वतःवर ताबा नसावा, असे गृहीत धरले जाते. आणि हा निकाल विनोदाच्या आवरणाखाली त्याच्या तोंडावर सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे, असेही मानले जाते. पुढे हाच माणूस शस्त्रक्रिया करून घेतो, महिन्यामागून महिना त्याचे वजन उतरू लागते, आणि कालपर्यंत टोमणे मारणारी तोंडे त्याची स्तुती करू लागतात. तो टोमणा आणि ही स्तुती यांत वरवर पाहता जमीनअस्मानाचे अंतर आहे. तथापि आम्हांला ती एकाच झाडाची फळे वाटतात. वजनाचा काटा माणसाचे पापपुण्य मोजतो, ही समजूत दोहोंच्या मुळाशी आहे. ती कितपत खरी आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रश्न केवळ तात्त्विक नाही. आमच्या आप्तांतील एका भगिनीने वयाच्या ४९ व्या वर्षी बॅरिएट्रिक शस्त्रक्रिया, म्हणजे वजन घटविण्यासाठी जठरावर केली जाणारी शस्त्रक्रिया, करून घेतली. त्यावेळी त्यांचे वजन ११८ किलो होते. मधुमेह ११ वर्षांचा, गुडघे निकामी होत आलेले, आणि झोपेत श्वास अडकत असल्यामुळे रात्रीची शांत झोप कित्येक वर्षांत मिळालेली नाही, अशी त्यांची अवस्था होती. भात सोडणे, पहाटे चालणे, प्रायश्चित्तकाळात एकभुक्त राहणे हे सर्व त्यांनी केले होते. तीन वेळा त्यांनी दहा-बारा किलो वजन उतरविले आणि तिन्ही वेळा ते व्याजासह परत आले. शस्त्रक्रियेनंतर मात्र काटा सरळ खाली येऊ लागला. पहिल्या महिन्यात नऊ किलो, पुढे महिन्याला पाच, मग तीन, मग दोन असे करता करता वर्षअखेरीस तो ८४ वर आला.

या वर्षभरात त्यांच्या कानांवर दोन प्रकारचे उद्गार पडले. "मावशी, तुम्ही तर ओळखूच येत नाही! केवढा हा निग्रह!" हा पहिला प्रकार. दुसरा प्रकार पाठीमागे बोलला जाई, पण तोही त्यांच्यापर्यंत पोहोचे: "पोट कापून बारीक होण्यात कसले कौतुक? हा तर आयता मार्ग!" त्या एकदा आम्हांला म्हणाल्या, "वजन होतं तेव्हा मी खादाड ठरले, आता उतरतंय तर लबाड ठरते. आणि ज्यांना मी लबाड वाटत नाही, त्यांना मी तपस्विनी वाटते. यांतली मी कुणीच नाही." हे त्यांचे बोलणे आम्हांला विचार करावयास लावणारे वाटले.

प्रथम खादाडपणाच्या आरोपाकडे वळू. ख्रिस्ती परंपरेने या दुर्गुणाचा विचार फार पूर्वीपासून केला आहे. चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या इव्हाग्रियस या संन्याशाने माणसाला ग्रासणाऱ्या आठ कुविचारांची मोजणी केली, तेव्हा खादाडपणाला त्याने पहिले स्थान दिले. सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरी यांनी त्या यादीला सात प्रमुख दुर्गुणांचे रूप दिले, त्यातही खादाडपणा राहिला. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी या दुर्गुणाची बारकाईने चिकित्सा केली. ग्रेगरींच्या आधाराने ते त्याचे पाच प्रकार सांगतात: वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचा हव्यास धरणे, प्रमाणाबाहेर खाणे, अधाशीपणे खाणे आणि पदार्थ फाजील चोखंदळपणे रांधून घेणे. या पाचांपैकी अन्नाच्या प्रमाणाशी संबंध आहे तो एकाचाच. उरलेले चार प्रकार काटकुळ्या माणसाच्याही हातून सहज घडू शकतात. मीठ कमी पडले म्हणून पत्नीवर ताट सरकविणारा सडपातळ गृहस्थ संत थॉमसांच्या यादीत बसतो. त्याच्या सडपातळपणाकडे पाहून त्याला मिताहारी ठरविणारे आपण मात्र फसतो. हे लिहिणारे संत थॉमस स्वतः अंगाने चांगलेच स्थूल होते, असे परंपरा सांगते.

त्याच विवेचनात त्यांनी आणखी एक भेद केला आहे, आणि आमच्या विषयाच्या दृष्टीने तो सर्वांत महत्त्वाचा आहे. भूक आणि तहान या शरीराच्या नैसर्गिक प्रेरणा आहेत. त्या बुद्धीच्या आज्ञेत नसतात, म्हणून त्या प्रेरणांच्या ठिकाणी सद्गुणही नाही आणि दुर्गुणही नाही, असे ते म्हणतात. खाण्याच्या वासनेने बुद्धीची मर्यादा ओलांडली, तरच पापाचा प्रश्न उद्भवतो. आपल्या देहाला इतके अन्न आवश्यक आहे असे प्रामाणिकपणे वाटून कुणी जास्त खाल्ले, तर त्यालाही ते खादाडपणा म्हणत नाहीत. सारांश, भूक वेगळी आणि हाव वेगळी. सातशे वर्षांपूर्वी आखलेली ही रेषा आजही मोलाची आहे. फरक इतकाच की भुकेचा प्रदेश किती विस्तीर्ण आहे, हे त्या काळी ठाऊक असणे शक्य नव्हते.

ते गेल्या शतकात हळूहळू उलगडत गेले. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी उपासमारीचा एक प्रयोग केला. त्यासाठी पुढे आलेले ३६ तरुण युद्धात शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीने नकार दिलेले होते. युद्धानंतर उपाशी जनतेला पुन्हा अन्नावर कसे आणावे हे कळावे, यासाठी त्यांनी आपले देह प्रयोगाला दिले. अशा माणसांच्या मनोबलाविषयी शंका घेण्यास जागा नाही. तरीही सहा महिने निम्म्या आहारावर राहून वजन सुमारे एक चतुर्थांश उतरल्यावर त्यांच्या मनाचा ताबा अन्नाने घेतला. ते अन्नाची स्वप्ने पाहू लागले, पाककृतींची पुस्तके वाचू लागले. आणि पोटभर अन्न मिळू लागल्यावरही कित्येकांची भूक दीर्घकाळ शमली नाही. वजन उतरले की देह ते परत मिळविण्यासाठी झगडतो, हे त्यातून दिसले. २०११ साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी आहार घटवून वजन कमी केलेल्या ५० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. भूक वाढविणाऱ्या व तृप्ती देणाऱ्या संप्रेरकांचे त्यांच्या रक्तातील प्रमाण वर्ष उलटूनही पूर्ववत झाले नव्हते. देह अजूनही जास्त अन्न मागत होता. तीन वेळा उतरलेले वजन तीन वेळा का परतले, याचे उत्तर त्या भगिनीच्या इच्छाशक्तीपेक्षा तिच्या रक्तात अधिक सापडते.

शस्त्रक्रियेचा शोधही अशाच एका निरीक्षणातून लागला. आयोवा विद्यापीठातील शल्यविशारद एडवर्ड मेसन यांच्या लक्षात आले की, जठरव्रणासाठी ज्या स्त्रियांच्या जठराचा मोठा भाग काढला होता, त्यांचे वजन पुन्हा सहसा वाढत नाही. त्या आधारे १९६६ साली त्यांनी स्थूल रुग्णावर पहिली बायपास शस्त्रक्रिया केली. तिच्यात जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी करून तिला लहान आतडे जोडतात. आज सर्वाधिक केल्या जाणाऱ्या दुसऱ्या प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांशाहून अधिक भाग काढून टाकून एक अरुंद नळी ठेवतात. जागा लहान झाली म्हणून माणूस कमी खातो, अशी बरीच वर्षे समजूत होती. १९९९ साली जपानी संशोधकांनी जठरात तयार होणाऱ्या घ्रेलिन या भूक चेतविणाऱ्या संप्रेरकाचा शोध लावला. २००२ साली असे आढळले की, आहारनियंत्रणाने वजन उतरविणाऱ्यांत घ्रेलिन वाढते, तर बायपास झालेल्यांत ते अतिशय कमी असते. त्यापूर्वी १९९५ सालीच वॉल्टर पोरीज व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले होते की, वजन फारसे उतरण्याआधीच, शस्त्रक्रियेनंतर थोड्याच दिवसांत, अनेकांची रक्तशर्करा ताब्यात येते. अर्थात सुरीने केवळ पिशवी लहान केली नव्हती. भुकेचा निरोपच बदलला होता. अलीकडच्या वर्षांत आलेली आठवड्याला घ्यावयाची इंजेक्शनेही याच निरोपावर काम करतात.

येथे वाचक विचारतील, मग इच्छाशक्ती, संयम, आत्मनिग्रह यांना काही अर्थच उरला नाही काय? सारे संप्रेरकांवर सोपवून मोकळे व्हावयाचे काय? तसे आम्हांला म्हणावयाचे नाही. भुकेवर आपले नियंत्रण नसले तरी हातावर थोडेफार असते. कॅथोलिक धर्मशिक्षणग्रंथही अन्न, मद्य, तंबाखू व औषधे यांचा अतिरेक टाळण्यास सांगतो, आणि ते योग्यच आहे. आमचे म्हणणे संयमाच्या मोजणीविषयी आहे. दोन माणसे एकाच पंगतीला बसली आहेत. एकाला अर्ध्या ताटात तृप्ती येते आणि तो सहज उठतो. दुसऱ्याच्या पोटात वणवा पेटलेला आहे. तोही उठतो, पण पाऊण ताटानंतर, मनाशी झुंज देऊन. काट्यावर पहिला जिंकतो. परंतु आत्मनिग्रह कुणी केला? प्रभू येशू मंदिरात दानपेटीसमोर बसले असता त्यांनी श्रीमंतांच्या मोठ्या रकमा पाहिल्या आणि विधवेची दोन नाणीही पाहिली. त्यांनी दान मोजले ते रकमेवरून मोजले नाही, देणाऱ्याजवळ काय शिल्लक राहिले त्यावरून मोजले. स्थूल माणसाच्या वर्षानुवर्षांच्या अपयशी प्रयत्नांत अशी कित्येक नाणी पडलेली असतात. ती कुणाला दिसत नाहीत, कारण काट्यावर त्यांचे वजन भरत नाही.

आता 'आयत्या मार्गा'चा आक्षेप पाहू. ॲरिस्टॉटलने दोन प्रकारची माणसे वेगळी केली आहेत: वासनेशी झगडून तिला आवरणारा निग्रही माणूस, आणि ज्याच्या वासना मुळातच विवेकाशी सुसंगत झाल्या आहेत असा संयमी माणूस. दुसऱ्याला तो श्रेष्ठ मानतो. शस्त्रक्रियेने माणूस एका रात्रीत संयमी होतो काय? मुळीच नाही. सद्गुण सुरीने शिवून देता येत नाही. शस्त्रक्रिया इतकेच करते की, ज्याला आजवर महापुरात पोहावे लागत होते त्याला इतरांच्या पातळीवरील पाण्यात आणून सोडते. पोहणे त्याचे त्यालाच करावयाचे असते. चष्मा लावून वाचणाऱ्या विद्यार्थ्याने परीक्षेत लबाडी केली, असे कुणी म्हणत नाही. मग भुकेचा भार उतरवून जेवणाऱ्याला लबाड का म्हणावे?

शिवाय हा मार्ग आयता आहे, असे तो चालणारा म्हणणार नाही. शस्त्रक्रियेचा धोका आज अल्प असला तरी शून्य नाही. पहिले काही आठवडे केवळ पातळ आहार, पुढे दर घास सावकाश चावणे, प्रथम प्रथिनयुक्त पदार्थ व मग इतर, आणि ब-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम यांच्या गोळ्या जन्मभर. त्या चुकविल्या तर पंडुरोग होतो, हाडे झिजतात. बायपासनंतर मद्य रक्तात फार वेगाने चढते, आणि काही जणांना शस्त्रक्रियेनंतरच्या वर्षांत मद्याचे व्यसन जडल्याचे आढळले आहे, लग्नसमारंभात "एक पेला घेतल्याने काय होते?" असा आग्रह धरणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे. काहींचे मन खचते, त्यांना मानसिक आधाराची गरज लागते. थोडक्यात, शस्त्रक्रियेने शिस्त संपत नाही. शिस्तीला प्रथमच फळ येऊ लागते.

निरोगी दिसणारा अवयव कापून टाकणे धर्माला मान्य आहे काय, असाही प्रश्न श्रद्धावंत मनात येतो. त्याचे उत्तर परंपरेत आहे. अवयव संपूर्ण देहासाठी असतो. देहाच्या कल्याणासाठी त्याचा भाग काढावा लागला तर ते गैर नाही, असे संत थॉमस सांगतात, आणि १९५२ साली पोप बारावे पायस यांनी वैद्यकीय संशोधकांपुढील भाषणात हेच तत्त्व मांडले. खऱ्या उपचारासाठी केलेली शस्त्रक्रिया नीतीला धरून आहे. परंतु त्याच परंपरेने दुसऱ्या बाजूचाही इशारा दिला आहे. आरोग्य ही ईश्वराची देणगी आहे, म्हणून तिची काळजी घ्यावी; शरीराला दैवत करून त्याची पूजा मांडू नये. मधुमेह आवरावा, नातवाला उचलून घेता यावे, रात्री श्वास अडकू नये म्हणून शस्त्रक्रिया करणे वेगळे; आणि फोटोत इतरांपेक्षा सुबक दिसावे म्हणून तिच्याकडे वळणे वेगळे. हा भेद ज्याचा त्याने करावयाचा आहे. शेजाऱ्याने तो त्याच्या वतीने करू नये.

याच संदर्भात उपवासाचाही विचार करावा लागतो. शस्त्रक्रिया झालेली व्यक्ती बारा महिने वाटीभर अन्नावर राहते, म्हणून ती बारा महिने उपवास करते, असे होत नाही. उपवास म्हणजे हवे असलेले अन्न स्वेच्छेने ईश्वराला अर्पण करणे. ज्याची भूकच ओसरली आहे, त्याने अन्न नाकारण्यात अर्पण कोणते? अशा व्यक्तीने प्रायश्चित्तकाळात आणखी कमी खाण्याचा हट्ट धरू नये. आजाऱ्यांना ख्रिस्तसभा उपवासाच्या बंधनातून मोकळे ठेवते. त्यांनी वेळ द्यावा, दान द्यावे, रुसलेल्या भावाशी बोलावे. वजन उतरणे आणि तपश्चर्या या दोन गोष्टी स्वतंत्र आहेत, हे यावरून ध्यानात येईल.

आता स्तुतीकडे येऊ, कारण आमच्या मते खरा धोका तेथे आहे. वजन उतरण्याचा क्रम सतत चालू राहत नाही. स्वीडनमध्ये १९८७ साली सुरू झालेल्या एका मोठ्या अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या २०१० व्यक्तींची तुलना, नेहमीचे उपचार घेणाऱ्या २०३७ स्थूल व्यक्तींशी केली गेली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांनी उतरले. दहा वर्षांनंतर पाहिले, तेव्हा ही घट २५ टक्क्यांवर आली होती. म्हणजे काही वजन परतले, पण बहुतांश घट टिकली. २००७ साली जाहीर झालेल्या निष्कर्षांनुसार सरासरी सुमारे अकरा वर्षांच्या काळात शस्त्रक्रियेच्या गटात १०१ मृत्यू झाले, तर दुसऱ्या गटात १२९. एवढे आयुष्य वाचविणारा उपचार यशस्वीच म्हणावा लागेल. थोडे वजन परतणे हा त्या यशाचाच नैसर्गिक भाग आहे.

परंतु ज्या व्यक्तीच्या कानांवर वर्षभर "आणखी उतरलं! शाब्बास!" एवढेच शब्द पडले आहेत, तिला हे कसे कळावे? काटा थांबला की शाब्बासकी थांबते. दोन किलो परत आले की लोकांची नजर बदलते. मग ती व्यक्ती स्वतःच स्वतःची न्यायाधीश होते, आरशासमोर गुन्हेगारासारखी उभी राहते, डॉक्टरांकडे जाणे टाळते, आणि जेथे मदत मिळावयाची तेथेच तोंड दाखवीनाशी होते. उतरत्या किलोंना आपण पुण्य म्हटले, तर चढत्या किलोंना पाप म्हणणे ओघानेच आले. आज केलेली स्तुती उद्याचा टोमणा पोटात घेऊनच येते. म्हणून स्थूल माणसाला हिणवणे जेवढे अनुचित, तेवढेच बारीक होत चाललेल्या माणसाला किलोंच्या मापाने गौरविणेही अनुचित होय.

मग करावे काय? आपल्या धर्मग्रामांत अशी शस्त्रक्रिया झालेल्या वा होऊ घातलेल्या व्यक्ती आज असतील. त्यांना वजन विचारू नये, "बरं वाटतंय ना? झोप लागते ना?" असे विचारावे. नाताळात नेवऱ्यांचे ताट पुढे करावे, पण एक उचलून "पुरे" म्हणणाऱ्याला आणखी दोनदा आग्रह करू नये. लग्नाच्या पंगतीत अर्धवट सोडलेल्या ताटावरून यजमानाने मन दुखावून घेऊ नये. आग्रह हे आपल्या आतिथ्याचे भूषण आहे खरे; परंतु ज्या आग्रहाने पाहुण्याला दुखते, तो आतिथ्य राहत नाही. घरातील माणसांनी औषधांची आठवण ठेवावी, तपासणीच्या दिवशी सोबत जावे, आणि काटा कोणत्याही दिशेला सरकला तरी आवाजातील जिव्हाळा तोच ठेवावा. मुलांच्या देखत कुणाच्या देहावर विनोद करू नये, कारण देहावरून माणूस तोलण्याचा धडा मुले तेथेच गिरवितात.

त्या भगिनीचे वजन गेले काही महिने ८४ च्या आसपास स्थिर आहे. इन्सुलिन सुटले आहे, जिना चढताना धाप लागत नाही, रात्री झोप लागते. आता त्यांची स्तुती करणारे फारसे कुणी भेटत नाही, आणि त्यांना त्याची उणीवही भासत नाही. त्यांनी काही मोठे पुण्य केले, असे त्यांना वाटत नाही. पूर्वी काही मोठे पाप केले होते, असेही आता वाटेनासे झाले आहे. एक आजार होता, त्यावर उपचार झाला, आणि उरलेले आयुष्य सावधपणे जगावयाचे आहे, एवढेच त्या मानतात. आजारी माणसाला एवढ्या सरळपणे आपल्या आजाराकडे पाहता यावे, यासाठी त्याच्या भोवतीच्या समाजानेही वजनाचा काटा दवाखान्यात ठेवावा. मंदिराच्या दारात आणू नये.